चौथं बोअर घ्यायचं की नाही? एका नऊ एकर शेतीचा पाण्याचा आणि विजेचा हिशेब

हे प्रकरण अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या, पर्जन्यछायेतल्या एका गावातलं आहे. कुटुंबाची ओळख लपवण्यासाठी काही तपशील बदलले आहेत. घरातले कर्ते, वय सत्तरीच्या पुढे, त्यांना इथे नाना म्हणू. त्यांचे धाकटे भाऊ आप्पा शेजारचं रान कसतात. नानांचा मुलगा आणि सूनबाई आज प्रत्यक्ष शेती बघतात. आम्ही दोघे-तिघे तालुक्यातल्या शेतकरी गटांसोबत पाण्याच्या मोजमापाचं काम करतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलाचा फोन आला, तो एवढंच विचारायला की बोअरची गाडी कुठली चांगली.

पार्श्वभूमी

नानांच्या वडिलांकडे अठरा एकर रान, एक विहीर आणि दोन बैलजोड्या होत्या. विहिरीवर मोट. नाना आठ-दहा वर्षांचे असताना नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसून धावेवरून (बैलांच्या उतरत्या वाटेवरून) खाली जायचे, हे ते आजही रंगवून सांगतात. मोटेचं काम मात्र रंगवण्यासारखं नव्हतं. पहाटे जुंपलेली जोडी दुपारपर्यंत चालली की दिवसाला पंधरा गुंठे भिजायचे. विहिरीला पाणी तीस फुटांवर. थारोळ्यात, म्हणजे मोट रिकामी होते त्या कुंडात, पडणाऱ्या पाण्याइतकंच पीक, त्यामुळे बागायत दीड-दोन एकरांच्या पुढे गेली नाही. बाकी सगळी बाजरी आणि ज्वारी.

त्या शेतीला ऊर्जा लागतच नव्हती असं आपण सहज म्हणतो. ते खरं नाही. चार बैलांना दिवसाला चाळीसेक किलो वाळली वैरण लागते, म्हणजे वर्षाला चौदा-पंधरा टन. कोरडवाहू रानात एवढा कडबा आणि सरमाड मिळवायचं तर अठरा एकरांतल्या सहा-सात एकरांची वैरण दावणीलाच जायची. इंधन रानातच पिकत होतं आणि त्याची किंमत जमिनीत मोजली जात होती. फरक एवढाच की ते बाहेरून विकत आणायला लागत नव्हतं, आणि शेणाच्या रूपात त्यातलं बरंच रानात परत जायचं.

पुढचा प्रवास राज्यातल्या हजारो घरांसारखा. साठच्या दशकाच्या शेवटी डिझेलवरचं इंजन आलं, पट्ट्यावरचं, ज्याचा आवाज दोन शिवं पलीकडे ऐकू यायचा. १९७२ च्या दुष्काळानंतर विहीर सुरुंग लावून खोल केली. सत्तरचं दशक संपताना वीज आली आणि पाच एचपीची मोटर बसली. युरिया, सुधारित बियाणं आणि हुकमी पाणी एकाच दशकात एकत्र आलं. आधी एकरी साठ-सत्तर क्विंटलच्या वर न जाणारा उन्हाळी कांदा नव्वदीच्या घरात गेला. भावाभावांत वाटणी होऊन नानांकडे नऊ एकर आले. २००३ मध्ये शेवटची बैलजोडी विकली आणि नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरकडे गेली.

देशाचे आकडे हीच गोष्ट सांगतात. १९६०-६१ च्या सुमारास भारतीय शेतीत हेक्टरी शक्तीची उपलब्धता ०.३ किलोवॉटच्या आसपास होती आणि तिच्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा माणसांचा आणि बैलांचा होता. आज ती दोन किलोवॉटच्या पुढे आहे आणि बैलांचा वाटा नावापुरता उरला आहे. या वाढलेल्या शक्तीने किती पिकवलं, हा प्रश्न मात्र प्रत्येक रानात वेगळं उत्तर देतो. नानांच्या रानात पहिली वीस वर्षं उत्तर फार चांगलं होतं.

अडचण कुठे होती

पहिलं बोअर २००४ चं, २१० फूट. दुसरं २०१३ चं, ३८० फूट. आदल्या वर्षी पाऊस गेला होता. तिसरं २०१९ चं, ५२० फूट, तेही दुष्काळामागोमाग. दर वेळी आधीचं आटलं किंवा करंगळीएवढं झालं. या पंधरा वर्षांत कांद्याचा उतारा एकरी नव्वद ते शंभर क्विंटलच्या पट्ट्यातच फिरत राहिला.

२०२३ च्या पावसाने पुन्हा दगा दिला. ऑक्टोबरअखेर राज्यातले चाळीस तालुके दुष्काळी जाहीर झाले. नानांकडे तेव्हा एक एकर खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला) ऊस उभा होता आणि दोन एकर कांद्याची रोपं टाकलेली होती. तिसऱ्या बोअरमधली मोटर त्या हंगामात दोनदा जळली. दर वेळी पाइप वर काढायचे, रिवाइंडिंग करायचं, पुन्हा सोडायचं, आणि तेवढे पाच-सहा दिवस पीक तहानलेलं. लाईट आठवडाभर दिवसा, मग आठवडाभर रात्री. रात्रपाळीला मुलगा भरणं धरायला जायचा. परिसरात बिबट्या दिसल्यापासून सूनबाई बॅटरी घेऊन बांधावर उभी राहायची.

जमिनीखालचं पाणी कुठे लागेल ते सांगणारा पाणाड्या येऊन गेला होता. त्याच्या तळहातावरचा नारळ बांधाच्या वायव्य कोपऱ्यात उभा राहिला होता. सातशे फूट सांगितलं होतं. केसिंग, मोटर, केबल, पाइप धरून खर्च अडीच लाखांच्या घरात. मुलाने सोसायटीत विचारणाही केली होती.

आम्ही एकच विनंती केली: गाडी बोलवायच्या आधी पंधरा दिवस द्या, आहे ते पाणी मोजू.

मोजमाप

साधनं अगदी साधी होती: दोनशे लिटरचा बॅरल, मोबाइलचं घड्याळ, विजेचा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आणि दोरीला बांधलेला दगड. शेतीपंपाचा मीटर कित्येक वर्षं बंद होता आणि बिल वापरावर नाही, मोटरीच्या एचपीवर यायचं, त्यामुळे किती युनिट जळतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मंजूर भार कागदावर पाच एचपी, बोअरमध्ये साडेसातची मोटर. यात नवल काही नाही, त्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, बहुतेकांचं तसंच आहे. डीपी का जळते याचं उत्तरही तिथेच आहे.

बोअरचं पाणी चालू मोटरीला साधारण १३० मीटरवर होतं. बॅरल भरायला १६५ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला १.२ लिटर. मोटर ३९० व्होल्टला साडेअकरा अँपिअर ओढत होती, म्हणजे सुमारे ६.२ किलोवॉट. भागाकार केला तर एक हजार लिटर पाण्याला १.४ युनिट. विहिरीवरची जुनी पाचची मोटर बारा मीटरवरून सेकंदाला पाच लिटर देत होती आणि ३.२ किलोवॉट खात होती: हजार लिटरला ०.१८ युनिट.

म्हणजे त्याच रानातलं, त्याच कांद्याला जाणारं बोअरचं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा आठपट विजेचं होतं. गंमत अशी की विहिरीची मोटर यंत्र म्हणून जास्त वाईट होती. तिची कार्यक्षमता जेमतेम अठरा टक्के, बोअरची पंचवीस. तरी ती स्वस्त पडत होती, कारण पाणी जवळ होतं. खोलीपुढे यंत्राची गुणवत्ता हरते, हे आम्हालाही इतक्या उघडपणे आधी दिसलं नव्हतं.

मग मोटरी किती तास चालल्या ते मांडलं. सूनबाईने डिसेंबरपासून शंभर पानी वहीत तास लिहायला सुरुवात केली होती. आधीचे महिने आठवणीवरून धरले. ऊस आणि कांदा मिळून बोअरचं सुमारे साठ लाख लिटर आणि विहिरीचं पासष्ट लाख लिटर पाणी लागत होतं. युनिटांत बोअरचे ८,६०० आणि विहिरीचे साडेअकराशे. पाणी निम्म्याहून कमी, वीज अठ्ठ्याऐंशी टक्के. जानेवारीत हा अंदाज होता. एप्रिलअखेर वही पूर्ण झाली तेव्हा आकडे थोडेच हलले.

दोन एकर कांद्यासाठी एका क्विंटलमागे हिशेब एकवीस युनिटांवर आला. नुसत्या विहिरीवर असता तर पाचच्या आतच राहिला असता.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे मोटंच्या टायमाला वैरण बैलं खायची, आता हे बोअर खातंय." यापेक्षा नेमकं आम्हाला मांडता आलं नसतं.

समोरचे पर्याय

चौथं बोअर हा पहिला पर्याय, आणि मुलाचा कल शेवटपर्यंत तिकडेच होता. त्याची बाजू कमकुवत नव्हती. वीज जवळपास फुकट, पाणी लागलं तर कांदा आणि ऊस दोन्ही वाचणार, आणि शेजाऱ्याच्या साडेसहाशे फुटी बोअरला पाणी लागलंही होतं. आमचा आक्षेप दख्खनच्या खडकाला धरून होता. या काळ्या पाषाणात भरवशाचं पाणी वरच्या झिजलेल्या थरात असतं. खाली असतात त्या भेगा, आणि त्या कुठे लागतील ते नारळालाही कळत नाही. समजा दोनशे मीटरवर पाणी लागलं, तरी हजार लिटरला दोन युनिटांच्या वर जाणार होते. शिवाय राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. हा मुद्दा आम्ही मांडला खरा, पण गावातली शेकडो बोअर पाहता आमचाच आवाज खाली आला.

दुसरा पर्याय सौर पंपाचा. नानांकडे वीजजोडणी असल्याने ते सौर पंपाच्या सरकारी योजनेत बसत नव्हते. आप्पांनी मात्र नव्या जोडणीचे पैसे भरलेले होते आणि त्यांचं नाव पेड पेंडिंगच्या यादीत अडकलं होतं, त्यामुळे त्यांना सौर पंप मिळू शकत होता. तो खोल बोअरवर नको, उथळ विहिरीवरच बसवावा, एवढं आम्ही ठामपणे सांगितलं.

तिसरा, शेततळ्याचा. तीस बाय तीस मीटरचं तळं, प्लास्टिक अंथरून, दिवाळीपर्यंत बोअरने भरून ठेवायचं. हे आम्ही लगेच बाजूला काढलं. नऊशे चौरस मीटर पाण्यावरून फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाला सहा-सात मिलिमीटर तरी उडून जातं, म्हणजे सहा हजार लिटर. बोअरच्या दराने रोजचे आठ-नऊ युनिट आभाळाला. वर तेच पाणी दोनदा उपसायचं. पावसाचं पाणी धरणारं शेततळं वेगळं. ही बोअरची टाकी झाली.

चौथा पर्याय कुणालाच आवडत नव्हता: ऊस मोडायचा, कांदा कमी करायचा, विहिरीवर पैसा घालायचा आणि बोअर अडीअडचणीलाच चालवायचं.

काय ठरलं आणि का

निर्णय जानेवारी २०२४ मध्ये एका संध्याकाळी ओट्यावर झाला. विजेच्या आकड्यांमुळे झाला असं म्हणणं आमच्या फायद्याचं असलं तरी खरं नाही. बिल एचपीवर असताना वाचवलेल्या युनिटाचा घरात एक रुपयाही येत नव्हता. सूनबाईने वहीतली दुसरी पानं उघडली: हंगामात मोटर वर काढण्याचे, रिवाइंडिंगचे आणि केबलचे पैसे, आणि रात्रीच्या पाळ्या किती झाल्या. एकतीस रात्री. "चौथं घेतलं तरी रात्रीचं जायचं टळतंय का?" एवढाच तिचा प्रश्न होता. त्याला उत्तर नव्हतं.

उसाचा मुद्दा नानांनी स्वतःच निकालात काढला. एका एकरासाठी कारखान्याच्या मुकादमामागे फिरायला त्यांना कंटाळा आला होता. कारखान्याचा शेअर मात्र विकायचा नाही, अशी अट त्यांनी घातली.

त्यातच ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती आणि भाव कोसळले होते. पुढच्या वर्षी कांदा अर्धा एकर कमी करण्याला त्यामुळे फारसा विरोध झाला नाही. ही बंदी नसती तर निर्णय कसा झाला असता, सांगता येत नाही.

काय केलं

फेब्रुवारीत ऊस तुटल्यावर खोडवा मोडला. मे महिन्यात विहिरीतला गाळ काढला, चांगला सात-आठ फूट निघाला. ओढ्याचं पावसाळी पाणी दगड-वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडलं. पंपाची अडीच इंची पाइपलाइन तीन इंची केली, तीन काटकोनी बेंड काढले आणि गळका फूटव्हॉल्व्ह बदलला. या सगळ्याला बोअरच्या निम्माही खर्च आला नाही.

कांदा दीड एकर, गादीवाफ्यावर ठिबक. इथे एक गोष्ट आम्ही आधीच सांगून टाकली होती, कारण ठिबक विकणारे ती सांगत नाहीत. ठिबकला दाब लागतो, दहा-बारा मीटर उंचीएवढा. बारा मीटरच्या विहिरीला तो जोडला की पंपाला चोवीस मीटर उचलावं लागतं. पाणी वाचतं, पण हजार लिटरमागची वीज वाढते. पंप सुधारूनही विहिरीच्या पाण्याचा दर ०.१८ वरून ०.२३ युनिटांवर गेला. खोल बोअरवर तोच जादाचा दाब किरकोळ वाटतो.

उरलेल्या रानात हरभरा आणि ज्वारी, दोन-दोन पाण्यांची.

दोन हंगामांनंतर

२०२४-२५ च्या रब्बीत दीड एकरात १६५ क्विंटल कांदा निघाला, एकरी ११०. आधी एकरी ९५ होता. पाणी सव्वीस लाख लिटर लागलं, त्यातलं बोअरचं फक्त सहा लाख. एकूण साडेबाराशे युनिट. क्विंटलमागे साडेसात.

एकवीसवरून साडेसात हा आकडा सांगायला फार छान आहे आणि आम्ही दोन बैठकांत तो तसाच सांगितला. नंतर नीट बसलो तेव्हा लक्षात आलं की २०२४ ला पाऊस चांगला झाला होता. विहीर फेब्रुवारीपर्यंत टिकली ती गाळ काढल्यामुळे किती आणि पावसामुळे किती? दुष्काळी वर्षासारखं निम्मं पाणी बोअरचं धरून पुन्हा गणित केलं, तर क्विंटलमागे तेरा युनिट येतात. म्हणजे आठेक युनिटांची घट कुटुंबाच्या कामाची, बाकीची पावसाची. आता आम्ही तेराच सांगतो.

रात्रीच्या पाळ्या हंगामात चारवर आल्या. बोअरची मोटर एकदाही जळली नाही. पैशाचं चित्र एवढं स्वच्छ नाही. उसाचं हमखास उत्पन्न गेलं आणि हरभऱ्याने ते पूर्ण भरून काढलं नाही.

आणखी एक. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्याने मोफत वीज दिली. जानेवारीत आम्ही या घराला युनिट मोजायला शिकवलं, तीन महिन्यांत त्या युनिटाची किंमत शून्य झाली. वही चालू राहिली ती सूनबाईच्या हट्टामुळे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक आमची, आणि ती बांधापलीकडची. आप्पांना साडेसातचा सौर पंप मंजूर झाला. योजनेत कमी क्षमतेचा मागता येतो आणि त्यांच्या विहिरीला तीनचा पुरला असता. आम्ही सुचवलं, पण जोर लावला नाही. मोठा मिळतोय तर लहान का घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न माणसाला पटणाराच होता. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी भुईमूग आणि जनावरांसाठी घास केला. ऊन फुकट, पंप दिवसभर चालू. दोन्ही विहिरी एकाच ओढ्याच्या काठाला, मधलं अंतर तीनशे फूट. मार्च २०२५ मध्ये आप्पांचा पंप चालू झाला की दोन तासांत नानांच्या विहिरीतलं पाणी हातभर उतरायचं. नानांच्या कांद्याला लागलेल्या सहा लाख लिटर बोअरच्या पाण्यातलं बरंचसं याच दिवसांतलं आहे. आम्ही एका घराचा ताळेबंद केला होता. पाण्याला गट नंबर नसतो.

याच जिल्ह्यात हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवर बंदी घातली आणि पिकं ठरवण्याआधी पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत लावली. ती सगळ्या गावाने मिळून लावली म्हणून टिकली. निदान दोन भावांना तरी पहिल्या दिवसापासून एकत्र बसवायला हवं होतं.

दुसरी उणीव हिशेबातली. आम्ही फक्त वीज मोजली. पंचेचाळीस किलोची युरियाची एक गोणी कारखान्यात तयार होताना साधारण तीस लिटर डिझेलइतकी ऊर्जा खाते. एकरी दोन गोण्या टाकल्या तर साठ लिटर झाले. ट्रॅक्टरची नांगरट, रोटाव्हेटर आणि गादीवाफे मिळून पंचवीस लिटरच्या आसपास. म्हणजे डोळ्यांसमोर धूर काढणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा गोठ्यातल्या कोपऱ्यात गुपचूप पडलेली गोणी जास्त इंधन पिते. ठिबकमधून विद्राव्य खत दिल्यावर युरिया किती कमी झाला हे सहज मोजता आलं असतं, आम्ही विचारलंच नाही. सूनबाईच्या वहीत गोण्यांचा हिशेब नाही, कारण रकाना आम्हीच आखून दिला होता.

तिसरी गोष्ट, मोजमाप नोव्हेंबरमध्ये सुरू झालं तेव्हा कांद्याची रोपं टाकून झाली होती. ऑगस्टअखेर विहिरीची पातळी बघून क्षेत्र ठरवलं असतं तर २०२३ चा अर्धा एकर तेव्हाच कमी झाला असता.

आता दोन्ही भावांत तोंडी ठरलं आहे: सोमवार, बुधवार, शुक्रवार आप्पांचा पंप, बाकीचे दिवस नानांचा, रविवारी दोन्ही बंद. वहीत आप्पांच्या नावाचं नवं पान केलंय. पाणाड्याने दाखवलेल्या वायव्य कोपऱ्यात मुलाने रोवलेली खुंटी मात्र अजून काढलेली नाही.